आईच्या पुस्तकाचा बाप्तिस्मा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे मी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरच्यांना वाटतं की मला सगळं कळतं. मला फारसं कळत नाही. पण आईच्या पुस्तकाचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते जमेल तसं लिहावं असं या ईस्टरच्या सुट्टीपासून मनात आहे.

आई शिरूरची. तिचं माहेर मिशनवाल्यांचं, म्हणजे प्रॉटेस्टंट. बाबा दौंडला रेल्वेत फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, आणि कॅथलिक. लग्नाच्या आधी दौंडच्या चर्चमध्ये आईच्या डोक्यावर पुन्हा पाणी ओतलं गेलं. लहानपणी एकदा ओतलेलं होतंच, पण ते नीट ओतलं होतं की नाही ही शंका नको, म्हणून परत. ते पाणी पडलं आणि आपण कॅथलिक झालो, असं आईनं अगदी मनापासून मानलं. पुढचं सगळं त्या मानण्यातूनच झालं.

लग्नात तिनं ट्रंकेतून एक पुस्तक आणलं होतं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या गोष्टी, मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिलेल्या, मधेमधे चित्रं. शिरूरच्या रविवारच्या शाळेत तिला ते बक्षीस मिळालं होतं आणि पहिल्या पानावर तिच्या बाईंनी शाईनं तिचं नाव लिहिलं होतं. आईच्या मालकीची म्हणावी अशी घरात ती एकच वस्तू. संध्याकाळी रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना झाली की ती आम्हा भावंडांना त्यातली एक गोष्ट वाचून दाखवायची.

घरात आत्याचं चालायचं. ती बाबांची थोरली बहीण, विधवा. त्यांची आई मेल्यावर बाबांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे बाबा तिच्यापुढे मान वर करत नसत. आत्याला अक्षर येत नव्हतं. गोष्ट सुरू झाली की ती दारात तांदूळ निवडत बसायची, आणि गोष्ट रंगली की तिचा हात थांबायचा. पण संपली की हटकून म्हणायची, “लई गोड वाचती गं. पर फादर आले की इचार त्यांस्नी, हे पुस्तक आपलं हाय का मिशनवाल्यांचं.”

आई म्हणायची, “इचारते, वन्सं.”

आणि तिनं खरंच विचारलं.

ईस्टरनंतर फादर रेल्वे क्वार्टर्समधल्या आमच्या घरांना आशीर्वाद द्यायला यायचे. सगळ्या खोल्यांत पवित्र पाणी शिंपडायचे. त्या वर्षी मी धर्मशिक्षणाच्या वर्गात होते, थोड्याच दिवसांत माझं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा मिळणार होती. शेजारच्या गोव्याच्या ड्रायव्हरांच्या बायका फादरांबरोबर घरोघर फिरत आमच्याकडेही आल्या होत्या. आईनं आल्तारवर, म्हणजे घरातल्या वेदीवर धुतलेला रुमाल अंथरला, मेणबत्त्यांच्या मधोमध आपलं पुस्तक ठेवलं आणि पदर सावरून उभी राहिली.

फादरांनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि पुस्तक पाहून थांबले. त्यांनी ते घेतलं, पुढची पानं उलटली. आमच्या कॅथलिक पुस्तकांत पुढे बिशपची परवानगी छापलेली असते. ती इथं नव्हती.

“हे कुठून आलं, बाई?”

“माझं हाय, फादर. शिरूरचं. त्याच्यावर पाणी टाका म्हंजी झालं.”

“काय झालं?”

“माझ्यावर टाकलं, तवा मी झाले नव्हं कॅथलिक? मंग ह्याच्यावर बी टाका की.”

ड्रायव्हरांच्या बायकांपैकी एक फिसकन हसली आणि सगळ्याच हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं आत्या हसली. “अगं बया! पुस्तकाचा बाप्तिस्मा करती व्हय? मंग गॉडमदर कोण, मी का तू?”

फादर मात्र हसले नाहीत. ते वाईट नव्हते, असं मला अजून वाटतं. हळू आवाजात म्हणाले, “पुस्तकाला आत्मा नसतो, बाई. हे घरात ठेवता येणार नाही. हे असेपर्यंत मुलीला कम्युनियन कसं द्यायचं?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझा पांढरा फ्रॉक शिवून खुंटीला लावलेला होता. तिनं पुस्तक फादरांच्या हातून घेतलं आणि बाबांपुढे धरलं. बाबा ड्युटीवर निघतच होते. त्यांनी ते डब्याच्या पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा आत्या दारातच उभी होती. “टाकलंस का?”

“टाकलं. कोळशाबरूबर.”

“समदं जळलं?”

“आक्का, भट्टी हाय ती. इंजान जळतंय का न्हाई बघतो आमी, पुस्तक बघत न्हाई.” बाबा हात धुवायला गेले. आई भाकरी थापत होती. तिचा ताल चुकला नाही.

मला कम्युनियन मिळालं. आत्यालाही काहीतरी मिळालं. चर्चच्या आवारात ती वर्षानुवर्षं सांगत राहिली, “आमची भावजय पुस्तकाला पाणी घालाया निघाली व्हती.” आई शेजारी उभी असतानाच सांगायची, आणि शेवटी आईलाच विचारायची, “व्हय का न्हाई गं?”

आई म्हणायची, “व्हय, वन्सं.”

फादरांनी आमची सोय म्हणून दुसरं पुस्तक पाठवलं. संतांच्या गोष्टींचं. परवानगी छापलेली होती, पण पुस्तक इंग्रजी होतं. मराठी मिळालं नाही म्हणाले. घरात इंग्रजीचा शब्द कुणाला येत नव्हता. तरी आत्याचा हुकूम होता की रोजरीनंतर तेच उघडायचं. आई ते मांडीवर घ्यायची, एखाद्या संताच्या चित्रावर बोट ठेवायची आणि सांगू लागायची. आम्हाला लवकरच ओळखू आलं. चित्र तुरुंगातल्या कुमारिकेचं असायचं आणि गोष्ट हरवलेल्या मेंढराची, त्याला खांद्यावर घेऊन येणाऱ्या मेंढपाळाची. जळालेलं पुस्तक आईला सगळं पाठ होतं. पानंसुद्धा ती बरोबर जागी उलटायची. आम्ही काही बोलत नव्हतो. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा काळ होता, असं आता वाटतं.

आत्याला संशय कसा आला कुणास ठाऊक. कदाचित तिलाही त्या गोष्टी आठवत असतील. दारात तांदूळ निवडत तिनंही त्या ऐकल्या होत्याच. एके दिवशी तिनं ड्रायव्हरांच्या घरातली कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी मुलगी बोलावून आणली आणि आईनं आदल्या दिवशी सांगितलेलं पान तिच्यापुढे धरलं. “वाच बाई, काय लिवलंय ते मराठीत सांग.”

मुलगी वाचत गेली. राजानं त्या कुमारिकेचे दात पाडले, मग तिला जाळलं. मेंढरू कुठंच नव्हतं.

“ऐकलंस?” आत्या आईला म्हणाली. “संतांच्या पुस्तकावर बोट ठिवून पोरांस्नी खोटं सांगतीस. कन्फेशनला जा. आन् आजपासून ह्या पुस्तकाला हात लावायचा न्हाई. पोरगी इंग्रजी शिकंल तवा ती वाचंल.”

आई उठली आणि चुलीपाशी गेली. त्यानंतर तिनं आम्हाला एकही गोष्ट सांगितली नाही. माझी धाकटी बहीण तर त्या गोष्टींशिवायच वाढली. पुढे हायस्कूलमध्ये मला इंग्रजी येऊ लागलं, तेव्हा आईच्या जागी मला बसवण्यात आलं. मी जाळलेल्या, कापलेल्या, सिंहांपुढे टाकलेल्या माणसांच्या गोष्टी मराठीत सांगायचे. आत्या डोळे पुसायची. आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज यायचा.

आता दिवस बदलले आहेत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमधून मराठीत आली. नवे फादर सांगतात की प्रत्येक कुटुंबानं घरी शास्त्र वाचावं, प्रॉटेस्टंट हे आपले भाऊच आहेत. सुट्टीला येताना मी पुण्याहून मुलांसाठीच्या शास्त्रकथांचं एक मराठी पुस्तक आणलं. पुढे परवानगी छापलेली आहे. आत त्याच गोष्टी आहेत. मला वाटलं होतं, आईला आनंद होईल.

आत्या आता अंथरुणाला खिळली आहे. कंबर मोडल्यापासून आई तिचं सगळं करते, अंघोळीपासून. मी पुस्तक आईच्या हातात दिलं. तिनं परवानगीचं पान काढलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि पुस्तक मिटलं.

आत्या पडल्या पडल्या म्हणाली, “त्येच हाय व्हय गं? मेंढराचं? वाच की. किती दिस झालं ऐकून.”

“मला वाचाया येत न्हाई, वन्सं,” आई म्हणाली.

त्याच सकाळी वाण्याच्या पुडीचा कागद तिनं उभ्यानं शेवटपर्यंत वाचलेला मी पाहिला होता.

“असं काय करतीस? येत व्हतं की तुला.”

“व्हतं. इंजनात गेलं.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वाचू शकले असते. पण आईनंही माझ्याकडे पाहिलं, माझा फ्रॉक खुंटीला होता त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, आणि मी पुस्तकासाठी हात पुढे केला नाही.

आईनं पुस्तक आत्याच्या छातीवर ठेवलं, तिचं पांघरूण सारखं केलं आणि ती आत गेली. आत्या बराच वेळ चित्रं उलटत राहिली. एका चित्रावर बोट ठेवून तिनं हाक मारली, “अगं, ह्यो कोण? खांद्यावर काय घेतलंय त्यानं?”

आतून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“फादर आले की इचारा त्यांस्नी,” आई म्हणाली.