आईनं सोडलेलं दूध

आमच्या घरी चहा आला तो माझ्यामुळे. अमरावतीला कॉलेजात गेलो आणि पहिल्या सुटीला येताना पुडी घेऊन आलो. सगळ्यांनी दूध घालून घेतला, आईनं कोरा घेतला. तोंड वाकडं केलं, पण संपवला.

आई दूध घेत नाही, हे मला समजायला लागल्यापासून माहीत होतं. दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही. भाकरीवर आम्हाला तूप आणि तिला जवसाचं तेल. बरं, दारात म्हैस होती. धार आईच काढायची, लोणी तीच काढायची, पण कधी बोट चाटलं नाही.

मी विचारायचो, "मा, तू दूध काऊन घेत नाही व?"

"देवाले देलं."

देवानं ते कशासाठी मागितलं, का हिनंच देऊन टाकलं, ते कळेना. आजीला विचारलं तर ती सुनेचं कौतुक सांगत बसे. कसा कडक नवस, पहिली दोन वर्षं रोज सकाळी आपल्या वाटणीचं वाटीभर दूध महादेवाला कशी घेऊन जायची, असा नवस गावात दुसरीला जमायचा नाही. कशासाठी नवस, ते आजीलाही माहीत नव्हतं.

ते महादेवाला जाणं मला अंधुक आठवतं. चार-पाच वर्षांचा असेन. आई मला नंदीपाशी बसवायची, आत जायची, मग वाटी घेऊन देवळाच्या मागल्या अंगाला जायची आणि रिकामी वाटी घेऊन परत यायची. मागे काय आहे, ते पाहायला जाऊ दिलं नाही.

पुढं मी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की नवस माझ्यासाठीच असणार. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला मी आणि बी.ए. होणाराही पहिला मीच. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. बोर्डिंगातल्या पोरांनाही मी सांगितलं होतं की माझ्या शिक्षणासाठी माझ्या आईनं दूध सोडलं आहे.

बी.ए. होऊन घरी आलो त्याच पावसाळ्यात आई तापानं पडली. दमणी जुंपून मेहकरहून डॉक्टर आणले. मुदतीचा ताप निघाला. डॉक्टरांनी बजावलं, अन्नाचा कण पोटात जाता कामा नये, फक्त दूध. दूध गेलं तर बाई वाचेल.

आईनं ओठ मिटून घेतले.

पाच दिवस ती साखरेच्या पाण्यावर होती. हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेला माणूस. तिच्या उशाशी बसून दोन दिवस वाद घातला आणि हरलो. बाबांना विचारलं, हा नवस कशाचा? ते म्हणाले, बायांचं ते, म्या कधी इचारलं नाही. आजी तर केव्हाच गेली होती.

शेवटी महादेवाच्या म्हाताऱ्या गुरवाकडे गेलो. नवस मोडायचा नाही, पण फेडता येतो का, हे विचारायला. तो म्हणाला, येतो की. ज्याच्यासाठी सोडलं, त्यानं आपल्या हातानं पाजलं की नवस फिटला. मी म्हटलं, मग सोपं आहे, मीच पाजतो.

गुरव म्हणाला, "तुह्यासाठी कोनं सांगतलं बे? पिंडीवर तं पळीभरच पडे. बाकीचं कुठी जाये, ते तुह्या काकूले इचार."

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. मधली भिंत घातली त्याला अठरा वर्षं झाली होती. काकानं वाटणी मागितली याचा राग आजीनं मरेपर्यंत सोडला नाही. ती गेल्यावरही बोलणं सणासुदीपुरतंच राहिलं होतं.

काकू अंगणात ज्वारी निवडत होती. मी देवळाच्या मागल्या अंगाचं विचारलं तसा तिचा हात सुपातच थांबला.

मग तिनं सांगितलं. वाटणीत म्हैस आमच्याकडे आली, त्यांच्याकडे बैलजोडी गेली. त्याच वर्षी ती बाळंत झाली, आजारी पडली आणि अंगावरचं दूध आटलं. भिंतीपलीकडे थेंब जाता कामा नये, अशी आजीची ताकीद होती. सुनेची काय बिशाद! पण देवाला दिलेलं दूध सासूलाही अडवता येत नाही. आईनं आपल्या वाटणीचं दूध देवाला दिलं. पळीभर पिंडीवर, आणि बाकीचं देवळामागे उभ्या असलेल्या काकूच्या गडव्यात.

"पोरगं भाकर खाया लागलं तवा म्या सांगतलं, बाई, आता आनू नोका," काकू म्हणाली आणि मग एकदम मलाच विचारलं, "काऊन, त्या अजूनबी घेत नाहीत?"

तिला माहीतच नव्हतं. भिंतीच्या अलीकडे अठरा वर्षं कोणी दुधातुपाविना भाकर खात होतं, याचा तिला पत्ता नव्हता.

मी आईचा ताप आणि गुरवानं दिलेला तोडगा सांगितला आणि तिनं सूप तसंच टाकलं. घटकेनं ती आमच्या दारात आली, हातात पितळी गडवा, मागे तिचा मुलगा. मिसरूड फुटलेला, आडदांड, शेतातून तसाच उठून आलेला. आईनं त्याला पाहिलं, मग गडव्याला पाहिलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू तिची चोरी मीच उघडी पाडली होती.

काकू रडत नव्हती, भांडत होती. म्हणाली, "बाई, हा कवाचा मोठा झाला. मंग तुमी काऊन घेतलं नाही?"

आई बोलली ते ऐकायला आम्हाला वाकावं लागलं. "सासूसमोर देवाचं नाव घेऊन खोटं बोलली व मी. मंग ते खरं करा लागन का नाही?"

पोरानं गडवा तिच्या ओठांना लावला. आईनं घोट घेतला आणि चेहरा असा केला, जसा माझ्या पहिल्या चहाला केला होता. मग म्हणाली, "बाई, असं लागते का दूध?" आणि दुसरा घोट मागितला.

ती वाचली. एकवीस दिवस तो पोरगा सकाळ-संध्याकाळ गडवा घेऊन येत होता. नवस तर पहिल्याच घोटाला फिटला होता, पण तसं त्याला सांगायला कोणी तयार नव्हतं.

बरी झाल्यावर आई पुन्हा कोऱ्या चहाकडे वळली. आता तोच गोड लागतो म्हणे. एकदा चुलीपाशी बसलो असताना मी तिला विचारलं, एवढी वर्षं गेली, त्या महादेवाला तरी खरं कधी सांगितलंस का?

तिनं फुंकणी खाली ठेवली. माझ्या बी.ए.ची कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"त्याले काय सांगाचं? तो तं तिथीच होता."