विचारून खा

मी सोलापूरची. आमच्याकडे पानात शेंगाचटणी दिसली नाही तर माणूस जेवता जेवता उठून स्वयंपाकघरात बघून येतो. अशा मुलीचं लग्न झालं एका पुणेकराशी, ज्याच्या पोटात एक शेंगदाणा गेला तरी सरळ दवाखाना. नुसता शेंगदाणाच नाही. बदाम, पिस्ते, अक्रोड, काजू, सगळंच. पत्रिका छान जुळली होती, पण पत्रिकेत हे कुठे लिहिलेलं असतं! पहिलं वर्षभर साबुदाण्याच्या खिचडीत कुटाऐवजी खोबरं घालताना मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मग सवय झाली. आम्ही जर्मनीत आलो, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली, मुलगी झाली, आणि दाण्याचं कूट कसं दिसतं हेही तिला माहीत नव्हतं.

तिला एवढंच माहीत होतं, की बाहेर काही खाऊन आलं की आधी साबणाने हात धुवायचे, चूळ भरायची आणि मगच बाबाजवळ जायचं. बालवाडीतून, मैत्रिणींच्या वाढदिवसांवरून आली की ती बाथरूममधून पळत यायची आणि दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरायची. "धुतले!" तो पंजे हुंगून बघायचा, गंभीरपणे मान डोलवायचा आणि मग तिला उचलून घ्यायचा. बाकी सगळं ती जर्मनमध्येच बोलते, मी मराठीत विचारलं तरी. हा एक शब्द मात्र तिने कधी जर्मनमध्ये म्हटला नाही.

तो जाऊन आता दोन वर्षं झाली. दाण्याचा काही संबंध नव्हता. काम संपवून पार्किंगमध्ये गाडीपर्यंत चालत गेला आणि तिथेच कोसळला. हृदय बंद पडलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आतच मी त्याला काय काय चालत नाही ते घडाघडा म्हणून दाखवलं, जर्मनमध्ये, एकही चूक न करता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, बसा. इतकी वर्षं मी पुढचं दार राखत बसले होते आणि चोर मागच्या दाराने आला. याचा मला अजून राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

या वसंतातल्या एका रविवारी दुपारी मुलगी, आता पंधरा वर्षांची झालेली, लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मोठा वीकेंड येत होता. "पालेर्मो," ती म्हणाली.

पालेर्मो म्हणजे इटलीतलं सिसिली बेट, आणि सिसिली हा आमच्या घरातला थट्टेचा विषय होता. त्याला समुद्र फार आवडायचा, भूमध्य समुद्राकाठची बरीच शहरं आम्ही पालथी घातली होती, पण सिसिली म्हटलं की तो हात जोडायचा. तिकडे पास्त्यावर पिस्ते, माशावर बदाम आणि आइसक्रीममध्ये दोन्ही. "मी आलो तर परतीची दोनच तिकिटं काढा," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

"तिकडे?" मी विचारलं.

"येट्स्ट गेट्स या," ती म्हणाली. आता जमतंय की.

तिचं काही चुकलं नव्हतं. खरंच आता जमत होतं. पण शेजारच्या खोलीत कोणीतरी ते ऐकलं असं मला वाटलं, आणि मी उगाचच उठून त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

मग कुठे जेवायचं ते ठरवायला बसलो. पूर्वी आमच्या घरी या कामाला अख्खा आठवडा लागायचा. तो एकेका रेस्तराँला फोन करायचा, तेल कुठलं, कढई वेगळी का, सगळं विचारायचा, आणि शेवटी त्या शहरात आम्हाला जेवायला दोन-तीनच जागा उरायच्या. आता मुलगी एकामागून एक मेनू उघडत होती, फोटो दाखवत होती. माझी नजर मात्र पदार्थाच्या नावावर जायच्या आधी खालच्या बारीक अक्षरांवर जात होती. "हे नको," मी म्हणायची. पुढचं उघडलं की, "हेही नको."

"वारुम?" ती विचारायची. का नको? तो असा मेनू वाचायचा तेव्हा माझ्या मागे उभा राहायचा, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. त्या दुपारी मी इतका वेळ बसले, पण खुर्चीला एकदाही पाठ टेकली नाही. तिथे हात असेल असं वाटत होतं.

"आई, तू अजून बाबासाठीच शोधतेयस," शेवटी ती जर्मनमध्ये म्हणाली.

मी भडकले. लॅपटॉप तिच्याकडे ढकलला आणि म्हटलं, तूच कर काय बुक करायचं ते. मी बघतसुद्धा नाही. आणि तिथे जाऊन मी सगळं खाणार आहे, बदाम, पिस्ते, सगळं. सोलापूरची आहे मी! ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. पण मी ते मनापासून बोलले होते. मला त्या भीतीचा कंटाळा आला होता. ज्याच्यासाठी भ्यायचं तो गेला आणि भीती तेवढी घरात राहून गेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंना पुण्याला फोन केला. "अहो आई, आम्ही सिसिलीला चाललोय."

"जा गं, जाऊन या. पोरीला जरा बरं वाटेल," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "विचारून खा हं."

मुलाशी बोलताना जन्मभर त्यांचं शेवटचं वाक्य हेच असायचं. ते तोंडून निघून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या अडखळल्या. मग मी म्हटलं, "हो आई."

पर्स भरताना आतल्या कप्प्यात, दाणा पोटात गेलाच तर लगेच टोचायचं, ते त्याचं इंजेक्शनचं पेन हाताला लागलं. त्याची मुदत केव्हाच संपली होती. ते काढून मी टेबलावर ठेवलं आणि निघताना परत पर्समध्ये टाकलं.

पालेर्मोत तिने बुक केलेली जागा एका बोळात होती. वर दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, खाली आमचं टेबल. वेटर पाव आणि भाजलेल्या बदामांची वाटी घेऊन आला, वाटी ठेवता ठेवता थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, "बुकिंगमध्ये अ‍ॅलर्जी लिहिलीय. कोणाला आहे?"

मी मुलीकडे बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली होती. "मी मुद्दाम नाही लिहिलं," ती जर्मनमध्ये पुटपुटली. "टेबल बुक करताना ते लिहायचंच असतं ना. लिहूनच गेलं."

वेटर वाटी हातात धरून उभा होता. ती खाली मान घालून बसली होती. मला काय काय खायचं होतं ते सगळं मी विसरले.

"मला," मी म्हणाले.

त्याने बदाम माझ्यापासून लांब, तिच्या बाजूला ठेवले. माझ्यासाठी साधा टोमॅटोचा पास्ता आला, तिच्यासाठी पिस्त्याचा, हिरवागार. पहिला घास घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. "कसा आहे?" मी विचारलं. "खूप छान," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तरी तिने ताटली संपवली. मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. माझा एक हात सगळा वेळ मांडीवरच्या पर्सवर होता.

जेवण झाल्यावर ती उठून आत गेली. रडायला गेली असेल असं वाटून मी मागे गेले नाही. थोड्या वेळाने ती टेबलांमधून वाट काढत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही ओले पंजे तिने माझ्या नाकासमोर धरले.

"धुतले," ती म्हणाली.

मी ते हुंगून बघितले. लिंबाच्या साबणाचा वास येत होता. मी मान डोलवली, आणि मग ती माझ्या जवळ आली.