चीनला गेलेलं पातळ

आधी मावशींचं सांगते. आमच्या नर्सेस होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायच्या, त्या मावशी. नागपुरातल्या महाल भागाच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत त्यांचं घर. त्या नसत्या तर मी नोकरी सोडून कोकणात परत गेले असते आणि आज आईच्या ओट्यावर काजू फोडत बसले असते. कोणी हे अर्धंच वाचून ठेवून दिलं तरी एवढं त्याला कळलेलं असावं, म्हणून आधी.

मला नागपूरला आणलं ते मात्र ताईंनी. ताई आमच्या शेजारच्या गावच्या, नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर. वडील गेल्यावर माझी शाळा सातवीत सुटली. त्या वर्षी ताई सुटीत गावी आल्या आणि आईला म्हणाल्या, "हिका माझ्याबरोबर दी. सातवीर नर्सिंगचो ल्हान कोर्स करूक गावता." आईने माझी ट्रंक भरली. वाटेत गाडीत मी किती वेळा ओकले ते ताईंनाच माहीत. त्यांनी प्रत्येक वेळी माझं तोंड पुसलं.

होस्टेलात सगळ्या मुली भराभर बोलायच्या. मले, तुले, काहून, जाऊन राहिली. मला अर्धं कळायचं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. मग संध्याकाळी ताई खोलीवर यायच्या. "काय गो, जेवलंस?" एवढंच विचारायच्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, टोपी कशी पिनेने लावायची, मोठ्या डॉक्टरांसमोर हात कुठे ठेवायचे, सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्यावर मी आईइतका विश्वास टाकला. दुसरं कोण होतं मला तिथे?

कोर्स झाल्यावर मी तिथेच लागले. आमच्या हॉस्पिटलचं नरखेड तालुक्यातल्या एका गावी लहानसं केंद्र होतं, त्याची देखरेख ताईंकडे होती. आठवड्यातले काही दिवस मी तिथे बाळंतपणं करायची, बाकीचे दिवस नागपूरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात. एसटीचा त्रास काही सुटला नव्हता. पदराला संत्र्याची साल बांधायची आणि काटोल येईपर्यंत हुंगत बसायची. कंडक्टर मला पाहिलं की खिडकीजवळची बाई उठवायचा.

आणि मग ती बातमी आली. नर्सेसची एक तुकडी चीनला जाणार होती. तिथल्या नर्सेस वॉर्डात आणि खेड्यात कशा काम करतात ते पाहायचं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या नर्सेस आपल्याकडे येणार. आमच्या हॉस्पिटलातून एकीला जायचं होतं आणि ती खेड्यात काम करणारी हवी होती. मेट्रनबाई राउंडला आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "तूच आहेस म्हणजे. तयारी ठेव. शेवटचं मीटिंगमध्ये ठरेल."

होस्टेलात त्या दिवशी जेवणं लांबली.

"बेडूक खाऊ घालतीन वं तुले तिथं!"

"अन् एसटीत ओकते थे इमानात का करीन?"

"आपली लढाई झाली होती ना त्यांच्यासंग? ठेवून घेतलं तं?"

सगळ्या हसत होत्या, मीही हसले. भीती होतीच. पण जायचं होतं, फार जायचं होतं. मी ऐकलं होतं की तिथे माझ्यासारख्याच थोडं शिकलेल्या बाया खेड्यापाड्यांत काम करतात आणि लोक त्यांना नीट मान देतात. आमच्याकडे मी 'छोटी सिस्टर'. मीटिंग असली की खुर्ची मोठ्यांना, मी भिंतीला टेकून. तशी एखादी बाई कामावर असताना मला पाहायची होती. ती कशी उभी राहते, कशी बोलते, एवढंच.

मावशींना वेगळंच पडलं होतं. विमान दिल्लीहून सुटणार हे आम्हा दोघींनाही तेव्हा माहीत नव्हतं. "इमानातून नागपूर कसं दिसते थे मले येऊन सांगजो. माह्यं घर दिसते का पाह्य. मी छतावर लाल लुगडं टाकून ठेवीन, म्हणजे वळखू येईन."

त्यांच्या मालकांचा हातमाग बरीच वर्षं बंद होता. ते एका गोदामावर राखणदार होते. पण मी चीनला जाणार म्हटल्यावर म्हाताऱ्याने मागावरची धूळ झटकली, पुन्हा उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि माझ्यासाठी पातळ विणलं. पांढरं, बारीक चौकडीचं, लाल काठाचं. "तिथल्या नर्सबाया विचारतीन, कुठलं हाय? तं सांगजो, नागपूरचं," असं ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता आमच्या वॉर्डातली एक रीत सांगायला हवी. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेशी नेऊन त्या पेशंटचं सगळं तोंडी सांगते. त्याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो. ऐकणारी म्हणते, "घेतली." एकदा घेतली म्हटलं की तेच खरं. मग पेशंटला कोणी पुन्हा विचारत नाही. त्या रीतीवरच वॉर्ड चालतो.

मीटिंगच्या दिवशी दुपारी माझ्यासमोर पहिलटकरीण होती. ती माझा हात सोडत नव्हती. ताई आल्या आणि म्हणाल्या, "तू थांब हिच्यापाशी. तुझा मी सांगतंय. काय सांगू?"

मी ओव्हर दिल्यासारखंच सांगितलं. म्हटलं, ताई, मला भीती वाटते. गाडीत त्रास होतो, विमानाचं नाव काढलं की छाती धडधडते. इंग्रजी येत नाही. पण मला जायचं आहे. मला न्या म्हणावं.

"घेतली," ताई म्हणाल्या.

मुलगी झाली. मी हात धुऊन बाहेर आले तेव्हा ताई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते. "सातवी आड इली गो तुझी. मी खूप सांगलंय. आयकाक तयार नाय. आता माकाच जाऊक सांगतत."

रडायला मला यायला हवं होतं. पण त्याच रडायला लागल्या, म्हणून मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, तुम्ही गेलात काय आणि मी गेले काय, एकच. आणि ट्रंकेतून ते पातळ काढून त्यांच्या हातात दिलं. "ताई, हे तुम्हीच नेसा तिथे."

त्यांनी घेतलं.

त्यानंतर मावशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ताटात पोळी लांबूनच टाकायच्या. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल. ताईंची तुकडी दिल्लीच्या गाडीत बसली तेव्हा आम्ही सगळ्या हार घेऊन स्टेशनवर गेलो होतो. ताई तेच पातळ नेसल्या होत्या. परत येऊन मी जेवायला बसले, आणि मावशींनी वरणाची वाटी माझ्यासमोर आदळली.

"जायाचं नव्हतं तं आधी सांगाचं होतं ना वं! म्हातारा डोळे फोडून राहिला होता मागावर."

"मी कुठे नाही म्हटलं? माझी सातवी आड आली."

"कोन म्हने सातवी? मी चहा घेऊन गेली होती तिथं. सातवीचं नावबी कोनी काढलं नाही. तुही ताईच म्हने, पोरगी घाबरून राहिली, तिले जायाचं नाही, तिनं मले सांगाले धाडलं. मेट्रनबाईनं इचारलं, तिनं सोता सांगतलं का? तं म्हने, ओव्हर घेऊनच आली."

माझा घास हातातच राहिला. मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांचा राग माझ्यासमोर उतरला आणि दुसरीकडे वळला. त्यांनी कणकेचे हात तसेच ठेवले, माझा दंड धरला आणि मला थेट मेट्रनबाईंच्या ऑफिसात नेलं.

"बाई, हे पोरगी नाही म्हनलीच नव्हती."

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सिस्टरने ओव्हर दिली, मी घेतली. प्रत्येक वेळी पेशंटला विचारत बसले तर हॉस्पिटल चालेल का?" थोड्या वेळाने हलकेच म्हणाल्या, "आता गाडी गेली."

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक भरली. मावशींनी ती पाहिली आणि सायकल-रिक्षा करून मला ट्रंकेसकट त्यांच्या घरी नेलं. माग खोलीभर पसरलेला होता. म्हातारा त्याच्या कडेला बसला होता. मावशींनी त्याला सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, "पातळ दिसलं का गा बरं, तिच्या अंगावर?"

मी म्हटलं, "हो. चांगलं दिसलं."

"मंग झालं."

मला तिथे रडू फुटलं. मावशी म्हणाल्या, "रड. पन गावाले जाऊ नको. गेली का तुही ताई म्हनीन, पाहा, होती ना भित्री? राह्य इथंच." त्यांनी भाकर वाढली. संध्याकाळी मी ट्रंक घेऊन होस्टेलात परत आले.

ताई चीनहून आल्या त्या पुष्कळ गोष्टी घेऊन. मला पिवळ्या फुलांचा एक टॉवेल आणला होता. मी टॉवेल हातात धरून विचारलं, "ताई, मी नको म्हटलं होतं?"

"तूच म्हणालीस ना भीती वाटते? तुझ्याच भल्यासाठी केलं मी."

"त्याच्यापुढेही म्हटलं होतं."

"पुढे काय?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं की काय, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आणि एक लक्षात आलं. त्या माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होत्या. त्यानंतर 'काय गो' त्यांनी मला कधीच म्हटलं नाही. चीन हुकल्याचं दुःख पुढे बोथट झालं, पण हे अजून खुपतं. पातळाचं विचारलं तर म्हणाल्या, तिथल्या एका नर्सला फार आवडलं, तिला देऊन टाकलं.

हिवाळ्यात चिनी नर्सेस नागपूरला आल्या. हॉलमध्ये आम्ही फुलं घेऊन रांगेत उभ्या होतो. त्यांच्यातली एक माझ्याच वयाची होती. खेड्यात काम करणारी, असं दुभाष्याने तोडक्या हिंदीत सांगितलं. तिचे केस कानापाशी कापलेले, हात माझ्यासारखेच खरखरीत. तिने माझा हात क्षणभर धरला. ताईंनी इंग्रजीत काही सांगितलं आणि ती पुढे गेली. मग तिने पिशवीतून एक फोटो काढून ताईंना दाखवला. फोटोत तिने ते पातळ शालीसारखं खांद्यावरून घेतलं होतं. हॉलभर टाळ्या झाल्या.

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मोठ्याने म्हणाल्या, "थे माह्या मालकानं इनलं होतं. ह्या पोरीसाठी."

मेट्रनबाई म्हणाल्या, "मावशी, चहा द्या."

"देतो ना. पन आधी तिले सांगा, थे पातळ कोनाचं होतं."

दुभाष्याला नागपुरी कळेना. त्याने ताईंकडे पाहिलं. ताई हसून इंग्रजीत काहीतरी बोलल्या, त्याने ते चिनीत सांगितलं. त्या चिनी नर्सने मावशींना वाकून नमस्कार केला आणि ती खुर्चीवर बसली. ताईंनी काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. इंग्रजी येणाऱ्या पुष्कळ जणी तिथे होत्या. मला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात मावशींना मेसमधून काढून धुलाईघरात टाकलं. सोड्याच्या पाण्याने त्यांच्या बोटांना चिरा पडल्या. मी मलम घेऊन गेले तर म्हणाल्या, "इथं ऊन तं आहे. तिथं चुलीशी भाजून राहिली होती मी."

मी अजून विमानात बसलेली नाही. सोनेगावच्या विमानतळाकडून विमान वर चढताना दिसलं की मावशी चादरी वाळत घालायच्या थांबतात आणि वर पाहतात. मावशी, एक दिवस मी तुम्हाला विमानात बसवीन. खिडकीशी तुम्ही, शेजारी मी. छतावर लाल लुगडं टाकायला मालकांना सांगून ठेवू, आणि तुमचं घर मी तुम्हाला वरून दाखवीन. तुम्हाला मळमळलं तर संत्र्याची साल माझ्या पदराला बांधलेली असेलच.