बेहाल्याचं एक नंबर गाणं

बसा. चहा येतोय. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर दामले सांगेल, आणि तो मीठमसाला लावून सांगेल. तसं म्हटलं तर यात मीठमसाल्याला जागाच उरलेली नाही!

मी सातवी शिकलो. गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढला. मला हसताना कारखान्यात कोणी पाहिलं नाही. घरीही नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

हल्ली इथे बंगालमध्ये, बेहाल्यात मुलाकडे असतो. इथलं मराठी मंडळ भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतं. मुलांचं लेझीम असतं. यंदा ते माझी नात रेवा बसवणार होती. नववीत आहे. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलते, पण चहा ‘खाते’. बंगालीत चहा खातात ना! मी रोज सांगतो, चहा पितात. ती रोज मान डोलावते आणि चहा खाते.

तर, लेझीम कोणत्या गाण्यावर? प्रश्न एवढाच. पण बैठकीत रण पेटलं! कोणाला हिंदी सिनेमातलं नवं गाणं हवं, कोणाला मुंबईहून आलेलं हळदीचं. मोठ्या मुलांना बंगाली बँडचं. रेवाला ते रॅप.

दामले उठला. दामले म्हणजे बँकेतला निवृत्त साहेब, मंडळाचा अध्यक्ष. घसा साफ करून म्हणाला, “एकमत होत नसेल तर लेझीम रद्द करू. त्या वेळात आमच्या हिचं भावगीत ठेवता येईल.”

हॉल गार पडला. दामलेवहिनींचं भावगीत तुम्ही ऐकलेलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्या चष्मा शोधतात. चष्मा सापडला की पहिल्यापासून सुरू करतात.

रेवाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. मग मी काय गप्प बसणार?

“लेझीम होणार,” मी म्हणालो. “गाणं मी ठरवतो. आठ दिवसांत.”

“नाना, तुम्ही?” दामले हसला. “तुम्हाला यातलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणूनच मी कोणाच्या बाजूचा नाही.”

टाळ्या पडल्या. इथेच घात झाला.

घरी आल्यावर रेवाने फोन काढला. फोनवर याद्या असतात म्हणे. या आठवड्यात कोणतं गाणं सगळ्यांत जास्त वाजलं, त्याच्या. म्हटलं, झालं काम. पहिलं गाणं कोणतं ते सांग.

“कोणत्या यादीतलं, नाना? हिंदीची वेगळी, बांगलाची वेगळी, रॅपची वेगळी, मराठीची वेगळी.”

“म्हणजे चार एक नंबर?”

“हो.”

काय हा कारभार! एका खात्यात चार फोरमन असले तर जहाज पाण्यात उतरेल का?

तरी फोन कानाला लावून चारही ऐकली. हिंदीतला मुलगा रडत होता, मुलगी सोडून गेली म्हणून. पण मागे ढोल असा, की वरात चाललीय! बंगालीतलाही रडत होता, फक्त गिटार घेऊन, सावकाश. रॅपवाला कोणावर तरी चिडला होता आणि आपल्या गल्लीचा पत्ता सांगत होता. मराठीत हळद लागत होती, ती शेवटपर्यंत लागतच होती.

“कसं वाटलं?” रेवाने विचारलं.

“दोघं रडतात, एक भांडतो, एकाचं लग्न. यांना एका मापाने मोजायचं कसं?”

त्या दिवसापासून मला चैन पडेना. खुर्चीत बसलो की उठावं वाटे, उठलो की गॅलरीत जावं वाटे. हिने दोनदा विचारलं, “अहो, मुंग्या आल्यात का?”

मग कारखाना आठवला. इंजिन कागदावर तपासत नाहीत. चालवून, आवाज ऐकून तपासतात. गाण्याचंही तेच! फोनमधल्या यादीला काय विचारायचं? रस्त्यावर काय वाजतंय ते बघायचं. आणि शब्द ऐकायचेच नाहीत, शब्दांनीच भांडणं होतात. फक्त ठेका.

खरं सांगायचं तर लांबचे, गोंगाटातले शब्द मला ऐकूही येत नाहीत. हातोड्यांनी कान गेले. मुलाने कानाचं यंत्र आणलंय, ते कपाटात आहे. तिथेच राहील. मला ठेका पायातून कळतो.

आणि मिळाला की हो ठेका!

सकाळी गॅलरीत उभा होतो. मोठ्या रस्त्यावरून एक गाणं गेलं. काय ठेका! धाड-धाड-धिन, धाड-धाड-धिन. शब्द चौथ्या मजल्यावर पोचले नाहीत, पण पाय हलला. माझा पाय! मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

दुपारी बाजारात गेलो, तर भाजीवाल्यांच्या कलकलाटात पुन्हा तेच. एवढ्यावर निकाल देणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी बस पकडून गार्डन रीचला गेलो. कारखान्याच्या फाटकासमोर तेच! डमडमला मेव्हण्याकडे गेलो. मेट्रोतून बाहेर येतो तो काय, स्टेशनबाहेर तेच! मेव्हणा चहा टाकत होता. न पिता परत फिरलो. तो अजून रागावलेला आहे.

आता सांगा, जे गाणं बेहाल्यात, गार्डन रीचला आणि डमडमला वाजतं, ते एक नंबर नाही तर काय?

पुढच्या बैठकीत उभा राहिलो आणि टेबलावर वाजवून दाखवलं. धाड-धाड-धिन. वर चालही गुणगुणली.

बारकी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाला ठसका लागला.

“हे कुठल्या यादीतलं?” दामलेने विचारलं. तो मोटारीच्या काचा बंद करून फिरतो, त्याला काय ठाऊक!

“यादीतलं नाही, रस्त्यावरचं. सगळं शहर वाजवतंय.”

“नाना,” रेवा कानाशी येऊन म्हणाली, “ते गाणं ना...”

“गप्प. निकाल लागला.”

“पण नाना, त्याचे शब्द...”

“शब्द नकोत! पेटीवर चाल घ्या, ढोलावर ठेका. एक शब्द म्हणायचा नाही.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं, मग दामलेवहिनींकडे पाहिलं. वहिनी पर्समधून गाण्याची वही काढत होत्या.

“बरं नाना,” ती म्हणाली. “हेच गाणं.”

पोरगी शहाणी! मला वाटलं, माझं ऐकते.

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मी, कडक इस्त्रीचा सदरा, शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचे घोषबाबू, पाहुणे म्हणून. त्यांच्या मागे त्यांचं सगळं बंगाली मित्रमंडळ. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, “गाना मैंने चुना है.”

पडदा वर गेला. ढोल पडला. धाड-धाड-धिन! पेटीने चाल धरली. लेझीम खणखणली. रेवा सगळ्यांत पुढे, काय ताठ उभी होती पोरगी!

घोषबाबूंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. म्हटलं, आवडलंय.

मग मागून कोणीतरी गायला लागलं. मग आणखी दोघं. बघता बघता सगळी बंगाली मंडळी उभी राहून टाळ्यांवर गात होती! बायका रडेपर्यंत हसत होत्या. एक म्हातारे गृहस्थ तालात मान आणि पाठ खाजवत नाचत होते. मला वाटलं, हा इथला नवा नाच असेल.

“घोषबाबू,” मी त्यांच्या कानात ओरडलो, “सबको आता है ये गाना!”

“जानबेई तो, दादा!” त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “चुलकानि पालाबे, दादू हाशबे!”

एवढं बंगाली मला येतं. खाज पळेल, आजोबा हसतील.

मलम! खरजेचं मलम! मलमवाल्याच्या गाड्या! कंपनीने गावभर सोडलेल्या, वर भोंगा लावून! गणपतीसमोर माझी नात खरजेच्या मलमावर लेझीम खेळत होती, आणि अख्खा हॉल माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता, “दादू हाशबे! दादू हाशबे!”

दादू हसला नाही. दादू जमीन कुठे दुभंगतेय का ते बघत होता.

पुन्हा एकदा, पुन्हा एकदा असा गजर झाला. लेझीम परत झालं. भावगीताला वेळ उरला नाही.

आरतीनंतर रेवाला बाजूला घेतलं.

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं, नाना. आजीला पण.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोनदा बोलले. तुम्ही गप्प म्हणालात. तिसऱ्यांदा बोलले असते तर तुम्ही गाणं रद्द केलं असतं, आणि दामलेआजी...” तिने माझा हात धरला. “नाना, रागावलात? चला, चहा खाऊ.”

मी गेलो. खाल्ला. काय करणार?

मंडळाने निरोपाच्या दिवशी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि मलमाची एक ट्यूब. ट्यूब दामलेने दिली, दोन्ही हातांनी, वाकून.

आता रोज सकाळी ती गाडी जाते. ड्रायव्हरला कोणीतरी सांगितलंय. तो आमच्या गॅलरीखाली वेग कमी करतो, आवाज वाढवतो आणि हात वर करून सलाम ठोकतो. मी तोंड फिरवून आत जातो. माणसाने आपला आब राखावा.

काल मात्र गाडी आलीच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मी गॅलरीत गेलो, आत आलो, पुन्हा गेलो. पेपर उघडला, मिटला. दहा वाजता चपला घालून कोपऱ्यापर्यंत बघूनही आलो.

दारात ही उभी होती. कंबरेवर एक हात, दुसऱ्या हातात ती ट्यूब.

“अहो,” म्हणाली, “खाजतंय तरी नक्की कुठे?”