मी नुसती मान हलवली

"वही तिथंच ठेव. पायरीवर."

काकू दारात उभ्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत त्या मला 'अहो' म्हणायच्या. आज 'ठेव' म्हणाल्या. त्यांच्या हातात माझंच पत्र होतं, दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं. विद्यापीठाचं, शिष्यवृत्तीचं. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव आणि खाली टाईप केलेलं : नवबौद्ध.

"आणि काल आलेला तो माणूस? गडी म्हणे. गडी ठेवणारी माणसं का तुम्ही?"

मी दोनशे पानी वही पायरीवर ठेवली. पत्र त्यांनी वहीशेजारी टाकलं. ते तेवढं मी उचललं. फाटकाबाहेर येईपर्यंत मागं वळून बघायची छाती झाली नाही.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मी कोल्हापुरात एम.फिल. करत होते. गाव पेठ वडगाव. वडील, म्हणजे आबा, सूतगिरणीत कामाला. माझा विषय होता शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरीकार. तिला मी 'बाई' म्हणते, नाव घेत नाही. बाईमाणसानं पत्र लिहिलं तरी घरात कुजबूज व्हायची, त्या काळात बाईंनी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. वेढे, लढाया, फितुरी. गड बघायला त्यांना कुणी नेलं नाही. सासऱ्यांच्या कपाटातल्या बखरी दुपारी चोरून वाचल्या आणि त्यावरून तट-बुरूज उभे केले. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा लोक म्हणाले, भावानं लिहून दिलं असणार. बाई खचल्या नाहीत. दुसरं लिहिलं.

तिसरी कादंबरी छापलीच गेली नाही. तिचं हस्तलिखित ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात होतं, बाईंच्या पणतसुनेकडं. त्याच या काकू. झेरॉक्ससाठी बाहेर न्यायचं नाही, म्हणाल्या, इथं बसून वहीत उतरवून घ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव ऐकलं. ते दोन्हीकडं सापडणारं आडनाव.

"म्हणजे मराठ्यांपैकीच ना तुम्ही?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी ते 'हो' धरलं.

त्या मान हलवण्यावर मी दोन महिने त्या घरात बसले. त्यांच्या टेबलावर पोहे खाल्ले. त्यांच्या नातीचे केस विंचरले. माझ्या बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. हॉस्टेलवर परतताना वाटायचं, आपण चांगल्या घरात बसतो, उठतो. हे लिहिताना आज तोंड कडू होतं, पण तेव्हा मला ते आवडत होतं.

शिष्यवृत्तीचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. कागद जमा करायची मुदत जवळ होती. आबा पत्र घेऊन यष्टीनं आले, हॉस्टेलवर गेले. तिथं माझ्या मैत्रिणीनं बंगल्याचा पत्ता दिला.

बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. मी त्यांच्या मागं. बाहेर आबा, गिरणीचा सदरा, पायात धुळीच्या चपला. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. 'जय भीम' त्यांच्या ओठांवर आलं होतं. मी डोळे वटारले. त्यांनी ते गिळलं.

"कोण हो हे?" काकूंनी मला विचारलं.

"गावाकडचा गडी आहे आमचा. पत्र घेऊन आलाय."

'आलाय' म्हणाले मी. बापाला.

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग काकूंना हात जोडले.

"व्हय बाईसाब. ह्यांच्या रानात असतोय मी."

आम्हाला रान नव्हतं. वीतभर नव्हतं. पत्र माझ्या हातात देऊन ते गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्यांना. त्या दुपारी एक ओळ उतरवता आली नाही. घाईनं उठले आणि पत्र टेबलावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी पायरीवरचा तो प्रसंग झाला.

खरं सांगते, काकूंच्या बोलण्यानं मी पेटले नाही. पेटायचा हक्क मी आदल्या दिवशीच घालवला होता. माझ्या बापाला त्या घराच्या दारात काकूंच्या आधी मी हलकं केलं होतं.

वडगावला गेले. आबा अंगणात सायकलची चेन बसवत होते.

"आबा, माझं चुकलं."

त्यांनी वर बघितलं नाही. चेन बसली, पायडल फिरवून बघितलं. मग म्हणाले, "तुजं काम अडू नये म्हणून व्हय म्हटलं. एकदा म्हटलं. पुन्यांदा म्हणनार न्हाय."

इतकंच. आत जाऊन हात धुतले.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "जाऊन काकूंची माफी मागा. वयस्कर आहेत. थोडं वाकलं की काम होऊन जाईल."

मी गेले. वाकायला नाही. काकूंनी जाळीचं दार उघडलं नाही. मी जाळीतूनच बोलले.

"त्या दिवशी आलेले माझे वडील. गडी नव्हेत. माझा गुन्हा त्यांच्याशी झाला. त्यांची माफी मागितली मी. तुमची मागायला आलेली न्हाय. माझी वही द्या."

"ते आमच्या घरचं लिखाण आहे."

"मग तसं मी लिहिणार. वही कुणी ठेवून घेतली आणि का, तेबी लिहिणार."

त्यांनी आतलं लाकडी दार लावलं. वही मिळाली नाही. आजवर नाही.

बाईंची छापलेली दोन पुस्तकं घेऊन पुन्हा बसले. पहिल्यापासून वाचली. गडाच्या दरवाज्यावर पहारा देणारी माणसं हल्ल्यात सगळ्यांत आधी मरतात. सरदाराच्या घोड्याला नाव आहे. या माणसांना नाही. नुसती जात. तिसरी कादंबरी उतरवताना असल्या ओळी माझ्याच हातानं लिहिल्या होत्या, हात एकदाही अडखळला नव्हता. त्यावर मी एक प्रकरण लिहिलं. सर म्हणाले, हे विषयाबाहेर जातं, काढून टाका. मी नाही काढलं. वर्ष लांबलं. लांबू दिलं.

आता मी जयसिंगपूरला शिकवते. बाईंना टाकलेलं नाही. त्यांची हिंमत शिकवते, आणि त्यांनी कुणाकुणाला बिननावाचं मारलं तेही शिकवते. आबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी काढते. दर जूनला, पहिल्या तासाला, नव्या पोरापोरींसमोर उभी राहून सांगते की मी बापाला गडी म्हणाले होते. कुणीतरी खाली बघतं, बहुतेक त्यानंही कुठंतरी मान हलवलेली असते. दर वर्षी सांगते, आणि नोकरी आहे तोवर सांगणार.