सत्कारातून उरलेलं गाणं

लोकगीत काळाच्या पलीकडचं असतं, असं आमच्या मंडळाच्या निमंत्रणावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावच्या शाळेचं सभागृह मात्र आम्हाला आठ वाजेपर्यंतच मिळालं होतं.

गाणार होत्या माझ्या बंगाली शेजारणीच्या आई. वडील होडी चालवायचे, त्यामुळे नावाड्यांची गाणी त्या होडीतच शिकल्या. पुढे जत्रेत, लग्नाच्या मांडवात, कधी रेडिओवर, असं जन्मभर गायल्या. साथीला कायम एकच ढोलवाला. तो आता पक्षाघातानं गावी अंथरुणाला खिळला होता. कार्यक्रम लाइव्ह दाखवणार म्हटल्यावर त्यांनी मोडक्या हिंदीत मला एवढंच विचारलं, "दादा, त्याला तिकडे मोबाइलवर दिसेल ना?"

"दिसेल. पण तिकडे पहाट असेल."

"उठतो म्हणालाय. म्हणतो, शेवटचं कडवं तू नेहमी घाईत उरकतेस. ढोल नसला तर पळतच सुटशील, म्हातारे." त्या हसल्या. "आज पुरं गाणार. ऐकू दे मेल्याला."

विंगेत मंडळाचे अध्यक्ष आले. "मावशी, एखादं फास्ट घ्या ना. स्लो गाण्याला पब्लिक फोन काढतं, यार."

"नाव सावकाशच चालते, बाबा. घाई असेल त्यानं पोहावं."

अध्यक्षांनी "सो स्वीट" म्हटलं आणि ते माइककडे गेले. ते बराच वेळ परत आले नाहीत.

आधी दीपप्रज्वलन. शाळेत आग चालत नाही म्हणून समई बॅटरीवरची. ती पेटेना. प्रोजेक्टरच्या रिमोटमधले सेल काढून तिच्यात घातले तेव्हा ज्योत लागली. मग पडद्यावरचा नदीचा फोटो पुढे सरकेना. नदी कुठली होती कोण जाणे, काठावर चर्च होतं. मग पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्यांची ओळख, आणि दोघांचे सत्कार. बाईंना स्टेजवर बोलावून एका खांद्यावर दोतारा असताना दुसऱ्यावर शाल घातली, मग तिच्यावर दुसऱ्या संस्थेची शाल, हातात नारळ. वाद्य धरायला हात उरला नाही. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तरी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकूंचे तर डोळे पाणावले.

मग प्रायोजक बोलले. हे घरकर्ज देतात. आपली मुळं मातीत कशी घट्ट असतात इथून ते निघाले आणि व्याजदर आत्ताच लॉक करणं का शहाणपणाचं, इथे पोचले. शंकासमाधानही झालं. एका गृहस्थांनी रीफायनान्सबद्दल दोन शंका विचारल्या. बाई नारळ मांडीवर घेऊन तिथेच खुर्चीत बसून होत्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

अखेर आठ वाजायला थोडाच वेळ उरला असताना माइक त्यांच्याकडे आला. "अ क्विक साँग, मावशी," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी नारळ खुर्चीखाली ठेवला, दोन्ही शाली काढून त्यावर टाकल्या, शांतपणे तारा जुळवल्या. गाण्यात नावाडी पैलतीराला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. ती वाट त्यांनी खरोखर बघितली. दोन ओळींमध्ये ढोलाची जागा रिकामी सोडत गेल्या. तेवढ्यात मागच्या दाराशी जेवणाचे डबे आले आणि निम्मं सभागृह त्या दिशेनं उठलं. अध्यक्ष विंगेतून घड्याळावर बोट आपटत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहून, ताल चुकतोय अशी मान हलवली आणि शेवटचं कडवं सगळ्यांत सावकाश घेतलं. आठ केव्हाच वाजून गेले होते. त्या थांबल्या तेव्हा शाळेचा रखवालदार दारात किल्ल्या घेऊन उभा होता, आणि रांगेत कुणीतरी जैन डबा कुठला म्हणून विचारत होतं.

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी गावी फोन लावला. पलीकडून अडखळत बराच वेळ काहीतरी सांगितलं जात होतं. त्या ऐकत राहिल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पहिल्यापासून बघत होता," त्या म्हणाल्या. "त्या कर्जवाल्याच्या भाषणात त्याचा आजचा डेटा संपला."