चारशे लिटरचा स्किमर

फेब्रुवारीतला पहिला रविवार, रक्कम साडेनऊ हजार, आणि तिरुवल्लिकेणीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी, माझी बायको आणि आणखी तीन गिऱ्हाइकं.

दुकानदार तंजावरी मराठी बोलतात. टाकी किती लिटरची, हे ते कधी विचारत नाहीत. "मासे किती? दिवसास खाणं किती वेळा?" एवढंच विचारतात आणि उत्तर डोळे मिटून ऐकतात. खाऱ्या पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर आम्हाला हवा होता. मी टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजून, दगडांची जागा वजा करून, एकशे ब्याऐंशी लिटरचा हिशेब नेला होता.

"सार्, खोक्यावरचा आकडा थोड्या माशांस. तुम्हांस सहा मासे. चारशेचा घ्या, साडेनऊ हजारांस."

"दुप्पट माप म्हणजे दुप्पट नफा. फसवायला दुसरं कोणी शोधा," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"अहो, काय बोलता!" बायको पुटपुटली.

त्यांनी दोनशेचा बांधून दिला.

दीड महिन्यात पाणी बिघडलं, दोन मासे मेले. फोन केला तेव्हा ते स्वतः बादली घेऊन आले आणि उरलेले चार आपल्या टाकीत सांभाळायला घेऊन गेले.

माफी मागायला मी दुपारची, दुकान रिकामं असण्याची वेळ निवडली. "त्या दिवशी मी तुम्हाला..." एवढं बोललो, तोच एक गिऱ्हाईक आत आलं. मी "चारशेचा स्किमर द्या," म्हणालो आणि साडेनऊ हजार त्यांच्या हातात ठेवले.